दुसऱ्या गेटाजवळची खोली

पहिल्या दिवशी सगळी उत्तरं निंगोजीरावांनी दिली.
नाव? प्रज्योत.
इयत्ता? सहावी. यंदा कानडी शाळेत घातलंय,
पुढं बरं पडतं म्हणून.
घरात माणसं? चार.
आणि त्रास?
"बोलंना झालाय ओ. दिवाळीपासनं.
खरं जेवतोय चांगला."
मी पेनानं लिहून घेतलं.
मुलगा बुटाच्या नाडीची गाठ
सोडत होता, बांधत होता, सोडत होता.

जाताना भारताबाई दारातून वळल्या,
"जरा दरडावून बघा की तुम्ही. आमचं ऐकत नाही."

खोली भाड्याची. खाली मोटर रिवायंडिंगचं दुकान,
वर मी, एकडोळं कापडी अस्वल,
दोनदा चाळून ट्रेमध्ये भरलेली मार्कंडेयची वाळू
आणि कडक होत चाललेली रंगीत माती.
शिकताना सांगितलं होतं, शांतता सहन करा.
कुणी सांगितलं नव्हतं
की शांततेला वार्निशचा वास येतो,
की पंचेचाळीस मिनिटांत
आपली नखं किती वाढलीत ते नीट कळतं.

दुसऱ्या बुधवारी मी त्याला नियम सांगितले.
इथलं इथंच राहील.
तुला किंवा कुणाला इजा होणार असेल, तेवढं सोडून.
ते मला सांगावं लागेल, आणि आधी तुलाच सांगेन.
मराठीत सांगितलं, मग माझ्या मोडक्या कानडीत.
क्रियापद चुकलं असावं,
त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला.
वहीत लिहिलं: हसला.
मग खोडलं.

तिसऱ्या बुधवारी त्यानं अस्वल वाळूत पुरलं,
वरून तळहातानं सपाट केलं.
कुणाला पुरलंस, हे जिभेवर आलं होतं.
गिळलं.

चौथ्या बुधवारी गेट पडलं.
लोंड्याकडून मालगाडी. काच थरथरली,
तो खिडकीशी गेला.
मीही गेले, हातभर अंतर ठेवून.
त्याचं बोट गजावर टकटकत होतं, डब्यागणिक एकदा.
मी मोजू लागले, मुद्दाम त्याला ऐकू जाईल असं.
गाडी संपली, खाली स्कूटरी सुरू झाल्या.
"अठ्ठावन्न," मी म्हणाले.

"ऐवत्तोंबत्तु."

माझ्याकडे न बघता.
आवाज बसका, घडी घालून ठेवलेला.
मग मराठीत, जरा वैतागून,
"एकोणसाठ. तुम्ही गार्डाचा डबा सोडला.
शेवटाला असतोय तो. सगळे सोडतात."

हो, माझा राहिला, मी म्हणाले.
एवढंच. आणि हात पाठीमागे धरले,
टाळी वाजेल की काय असं वाटून.

बाहेर बाकावर भारताबाई,
पिशवीत मेथी, मुठीत आधार कार्ड,
बिजगर्णीच्या बसला तिकीट पडू नये म्हणून.
"बोलला काय ओ काहीतरी?"
मी प्रज्योतकडे बघितलं. तो नाडीकडे.
"पुढच्या बुधवारी, साडेचारला."
त्या रागावल्या माझ्यावर. बरोबरच होतं.

रात्री फॉर्म पुन्हा काढला.
घरात माणसं: चार.
पेनानं लिहिलेल्या त्या चारशेजारी
पेन्सिलीनं, पुसता येईल इतकं फिकट,
एक प्रश्नचिन्ह.

अस्वल अजून वाळूतच आहे.
उद्या सकाळी दुसरी मुलं येतील,
त्यांच्यासाठी काढायला हवं होतं.
गणपत गल्लीतून दुसरं आणते.