हरकत

मुलाखतीला पाच जण होते.
एकाने चहात बिस्कीट बुडवत विचारलं,
सांगलीत अरबी कोण शिकणार, बाई?
ती तर तुम्हीच बोलताय, मी म्हणाले.
अर्ज, तारीख, हजर, हिशेब, बाकी.
बिस्कीट चहात पडलं.
नोकरी लागली, तासिकेवर.
एकोणीस वर्षं तासिकेवर.

मला तरी कुठे ती माझी म्हणून येत होती?
घरात होती, पण अर्थाशिवाय,
रोज पुसायचं आणि उघडायचं नाही
अशा कपाटासारखी.
अर्थ चोविसाव्या वर्षी शिकले.
त्या रात्री मी पहिल्यांदा
पाठ असलेलं काहीतरी वाचलं.

पहिलं यंत्र एक टेपरेकॉर्डर.
रिवाइंडचं बटण तुटलेलं,
पेन्सिल घालून फीत मागे न्यायची.
कैरोच्या कुणा बाईचा आवाज
एप्रिलच्या उकाड्यात ताणला जायचा,
हळूहळू पुरुषाचा व्हायचा
आणि वर्ग बाक वाजवून हसायचा.

मग लॅब आली. बावीस हेडफोन, चालणारे नऊ.
मग पूर आला.
गाव आयर्विन पुलावरच्या आकड्यांकडे बघत होतं
आणि मी निश्चिंत,
कॅसेटी वरच्या फळीवर आहेत म्हणून.
त्या फिती मिरजेला घरी आणून दोरीवर वाळत घातल्या,
शेजारी दस्तगीरचाचांचे सतारीचे भोपळे.
चाचा म्हणाले, तार सुरात लागली
तरी जवारी काढल्याशिवाय ती बोलत नाही, पोरी.
मी तेव्हा ओल्या फितीच मोजत होते.

ऐन नावाचं एक अक्षर आहे.
मराठीत ते ऐन वेळी येतं,
वर्गात ऐन वेळी येत नाही.
हळद, गूळ, केळं म्हणणारी आम्ही माणसं,
जीभ मागे वळवायला आम्हाला कुणी शिकवू नये.
पण हे जिभेचं काम नव्हे.
आ करा म्हटल्यावर डॉक्टरचा चमचा टेकतो ना,
त्याच्याही खाली.
नर्सिंगच्या मुलींना ते लगेच कळलं.
कळलं, आलं नाही.

अक्षरांवरच्या खुणांना तिथे हरकत म्हणतात.
पहिल्या पुस्तकात असतात, पुढे गळून जातात.
पेपरात नाहीत, दुकानाच्या पाटीवर नाहीत.
मुली घाबरून बघतात,
मी म्हणते, हरकत नाही.
त्यांना वाटतं, मॅडम धीर देतायत.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी
सुमेध लोखंडेने प्रोग्रॅम लिहून दिला.
हिरवी रेघ त्यांची, नारिंगी आपली,
दोन्ही जुळल्या की टक्के.
रूथ आवळेला एकच शब्द चुकायचा, वजअ.
वजअ म्हणजे दुखणं.
शेवटचा ऐन सुटला की राहतं नुसतं वजा.
एकेचाळीस टक्के, बेचाळीस, एकेचाळीस.
मिशन हॉस्पिटलची रात्रपाळी करून यायची,
हेडफोन लावून तशीच झोपायची,
मी उठवत नसे. हजेरी लावत असे.

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी दम्मामहून तिचा आवाज.
मॅडम, इथे एक म्हातारी आहे.
मी विचारलं, कुठे दुखतंय?
तर म्हणाली, असं नाही म्हणायचं.
माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला
आणि म्हणून दाखवलं. तीनदा.
मग तिला आठवलं की तिला दुखतंय.
थांबा, तिचा आवाज पाठवते.

छत्तीस वर्षांत
मी कुणाचा हात गळ्यावर ठेवून घेतला नाही.
यंत्र आणलं, दुरुस्त केलं,
बिलं मंजूर करून घेतली.

अंधारात बसून तो तुकडा ऐकला.
मागे मॉनिटरची टिकटिक,
आणि मग तो शब्द,
विहिरीच्या तळाला घागर टेकावी तसा.
न राहवून कॉम्प्युटर लावला,
फोन माईकसमोर धरला.
हिरवी रेघ थोडी थरथरली,
यंत्राने विचार केला
आणि दम्मामच्या म्हातारीला
त्र्याहत्तर टक्के दिले.

सकाळी सुमेधला फोन करायचाय.