झाकण

चिनावलच्या बागेत, केळीच्या दोन ओळींमधे,
छोटा ट्रॅक्टर पंधरा दिवसांपासून अडलेला.
फिल्टर धुतला, पाइपातली हवा काढली,
हँडल मारून मारून खांदा उतरला.
तीन ठोके, पांढरा धूर,
मग मुकाट.

सुकलाल मिस्तरींना ऐकू येत नाही.
स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून
त्यांनी मूठ दातांत धरली. खूण केली.
मी हँडल मारलं.
"पोट बरं हाये. दम कोंडेल हाये."

डिझेलच्या टाकीच्या झाकणाला भोक असतं,
मला ठाऊकच नव्हतं.
कुंभारीण माशीनं त्यावर मातीचं घर थापलेलं,
आत हिरवी अळी,
उद्याच्या पिलाची शिदोरी.

ढेकूळ अलगद सोडवून
त्यांनी केळीच्या बेचक्यात ठेवलं.
मग एकाच हँडलला धडधड.
मी ओरडलो, "झालं सुरू!"
ते पाठमोरे,
टाकीवर तळवा ठेवून
केव्हाचे हसत होते.