उसनं पाणी

ओढ्याला नाव नाही. नकाशावर केसाएवढी निळी रेघ,
मगदुमांच्या उसाला वळसा घालून
पंचगंगेच्या रोखानं जाते
आणि कागदाच्या घडीत संपते.

काठानं अकरा आड.
वर्षातून तीनदा माझी फेरी:
पिशवीत बाटल्या, गाठी मारलेली दोरी, पेन्सिल
(ओल्या हातानं शाई फुटते),
आणि ग्रामपंचायतीचं ओळखपत्र,
त्यावरचा फोटो लग्नाआधीचा.

वैशाखात दोरी चौदा हात जाते.
तळाशी दोन घागरी पाणी, काचेसारखं नितळ,
जिभेला जड.
डाळ शिजत नाही, साबण फेसत नाही.
शेवंता कांबळे म्हणते, "केसाचा पार काथ्या झाला बघ."
यंत्रावरचा आकडा चढतो, थांबतो, पुन्हा चढतो,
कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली चढावी तसा.

श्रावणात दोरी लागतच नाही.
कठड्यावरून वाकून ओंजळीनं घ्यावं इतकं वर,
बेडूक चालत आत जातो, चालत बाहेर येतो.
गोड. सगळे म्हणतात, गोड.
मी थोडं बाटलीत भरून घरी फडताळात ठेवते;
दुसऱ्या दिवशी बाटली डांबरासारखी काळी.
"ह्यात काय ओतलंस गं?" पोरगा विचारतो.
काही नाही रे. नुसतं पाणी.

आणि मग कार्तिक. आभाळ धुतलेलं,
गुऱ्हाळं पेटलेली, हवेत काकवीचा वास.
आता सगळ्यात चांगलं पाणी, असं गाव म्हणतं,
त्यातही जैतुनबी मुजावरच्या आडाचं:
लग्नाच्या जेवणाला टाक्या भरून जातात इथून.
मी पुडी टाकते, नळी हलवते, दहा मिनिटं थांबते.
पाणी गुलाबी होतं.
मग जास्त गुलाबी.
मग रंगांच्या तक्त्यात त्याला घरच उरत नाही.

आडात असेल तेच पोहऱ्यात येतं, खरं.
पण आडात कुठनं येतं?
बाळगोंडा मगदुमांनी सरीत टाकलेली युरियाची पोती
पावसानं विरघळवून, हळूहळू,
तांबड्या मातीच्या पोटातनं इथवर आणली.
भरल्या दिवसांत आड ओढ्याला देतो,
आटल्या दिवसांत ओढा आडाला.
शेजारणींची साखरेची वाटीच ती:
गेली एका घरनं, परत आली तेव्हा
दुसऱ्याच घरचा वास घेऊन.

"काय म्हणतंय पाणी?" जैतुनबी विचारते.
मांडीवर नातसून निजवते तीन महिन्यांचं बाळ,
बाजूला दुधाच्या पावडरचा डबा.
मला सांगायचंच असतं, पण डब्याकडं बघून
माझा आवाज घाईचा होतो:
"बाळाला हे देऊ नका. नळाचं आणा, लांबनं का असंना."
"उकळून दिलं तर?"
"उकळल्यानं किडे मरतात, मावशी.
हे मरत नाही. उलट दाट होतं."

ती बराच वेळ आडाकडं बघते.
चाळीस वर्षं तिनं हे पाणी चाखून ओळखलंय,
आणि ह्या गोष्टीला चवच नाही.

फॉर्मवर एकच रकाना.
योग्य / अयोग्य. एकावर खूण करा.
कुठल्या महिन्यात, ते विचारत नाही कुणी.
वैशाखात, श्रावणात, कार्तिकात
हा आड तीन वेगळ्या तोंडांनी बोलला माझ्याशी,
आणि मी एकच उत्तर लिहायचं,
त्याखाली सही, त्याखाली शिक्का.

"माझ्या आडाला नाव ठेवतीस," जैतुनबी म्हणते,
"महिन्याला ठेव की."

तिनं चहा ठेवलाय, त्याच पाण्याचा.
मी पिते. मोठ्यांना चालतो, असं स्वतःला सांगत पिते.
मग लाल रंगाचा डबा उघडते,
कठड्यावरचं शेवाळ आधी खरवडावं लागतं,
नाहीतर रंग धरत नाही.
ती आतनं खराटा आणून देते.