गट नंबर एकशे सव्वीस

दरवर्षी मार्चअखेर सुंदराआते
तलाठ्याकडे जाते, समुद्राचा सारा भरायला.

समुद्राचा नव्हे, जमिनीचाच.
तळाशीलच्या पट्टीवरचे सव्वातीन गुंठे,
गट नंबर एकशे सव्वीस, बागायत, माड सात.
सातबाऱ्यावर ते माड अजून उभे आहेत.
जागेवर दोन वाव पाणी,
हंगामात तारली मिळते.

तलाठी पावती फाडतो. अकरा रुपये.
सुटे नसले की म्हणतो, राहू दे, पुढच्या वर्षी.
ती पदराची गाठ सोडते,
एक-एक नाणं टेबलावर मोजून ठेवते.

रत्नागिरीला माझ्या पदवीत
तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा
एकाच दावणीला बांधलेत.
बाबा फी भरताना एकदाच म्हणाले,
‘मगे तू होतलंस कोण?’
मला अजून सांगता आलेलं नाही.

प्रकल्पासाठी मी आतेची पावती वर्गात नेली,
प्लास्टिकच्या पिशवीतून,
सुक्या बोंबलाच्या वासासकट.
साठम सरांनी ती खिडकीपाशी उजेडात धरली.
जे नाही, त्याला मालक असतो का?
असं विचारून ते बराच वेळ
भाट्याच्या खाडीकडे बघत राहिले.
मुकादम सरांना भरपाई काढायची होती,
पण भाव कुठल्या सालचा धरायचा?
दोन माड पडले तेव्हाचा, की विहीर खारी झाली तेव्हाचा?
त्यांनी फळ्यावर रेघ ओढली,
ती खाली खाली गेली
आणि फळा संपला.
केळुसकर मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या,
भरतीच्या रेषेखालचं सगळं सरकारचं.
म्हणजे तुझी आते
सरकारच्या जागेचा सारा सरकारलाच भरते.
सगळे हसले.
मीही हसले, तेवढं मात्र प्रकल्पात लिहिलं नाही.

बंधाऱ्याचं कोणीच काढलं नाही.
त्याचे दगड निवडणुकीआधी येतात,
नारळ फुटतो, फोटो निघतो,
अर्धे ट्रक देवबागच्या रस्त्याला वळतात
आणि तिथेही पोचत नाहीत, असं तिथले सांगतात.

मे महिन्यात आतेला विचारलं, कशाला भरतेस?
ती कोयतीने मासे साफ करत होती.
‘नाव काढून टाकतले,’ म्हणाली,
‘मगे मी खंयची?’
आणि खवल्यांचा हात माझ्या वहीवर टेकून उठली.

ते मासे बस्त्यावचे.
एकशे सव्वीसवर जाळं पडलं
की सकाळी तो तिच्या पायरीवर
दहा तारल्या ठेवून जातो, केवणीच्या पानावर.
त्या तिने कधी मागितल्या नाहीत, त्याने कधी सांगितल्या नाहीत.
पहिल्यांदा ठेवल्या तेव्हा तिला वाटलं, मांजराने आणल्या.
खंड म्हणावा तर करार नाही,
दान म्हणावं तर तो तिच्याशी धड बोलतही नाही;
त्याच्या बापाचं आणि तिच्या सासऱ्याचं
कुंपणावरून भांडण होतं,
ते कुंपणही आता पाण्यातच आहे.

मी कलमं चाळली. टिपण केलं.
टिपणाला शीर्षक सुचेना,
चारही विषयांच्या वह्यांत थोडं थोडं लिहून ठेवलं.

परीक्षेत प्रश्न आला, दुसराच:
मालमत्ता म्हणजे काय? उदाहरणासह स्पष्ट करा. गुण दहा.
बाकीचे पुरवणी मागत होते.
मी लिहिलं, दहा तारल्या,
आणि खाली कंसात, खोटं नको म्हणून,
कधी कधी आठ.