वाटी आणि साबण

आमच्याकडे तिला वाटी म्हणतात.
मासूमा म्हणाली, आमच्याकडे साबण.
साबूनत-अर्-रुकबा, गुडघ्याचा साबण,
आणि हातमोज्यातल्या दोन बोटांनी
तिनं माझा साबण डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला,
जरा खाली दाबला.
मी छताकडे बघत होतो. जिप्समचं छत, काम बरं होतं.

एकोणीस वर्षं मी मुहर्रकच्या, रिफाच्या, हमद टाउनच्या
घरांत गुडघे टेकत आलोय.
मराठीत गुडघे टेकणं म्हणजे हार.
मला त्याचे दिवसाला सात दिनार मिळत.
फरशी बसवणारा उभ्यानं काय बसवणार?
आधी एक गुडघा, मग दुसरा,
मग लेव्हलचा बुडबुडा मध्ये येईपर्यंत श्वास धरून.
संध्याकाळी उठताना टक् वाजायचं.
शेजारचा छपऱ्याचा पोरगा विचारायचा, चाचा, टाइल फूटी क्या?

चढताना नाही, उतरताना दुखतं, मी सांगितलं.
ती लिहून घेत म्हणाली, हां, साबणाचं दुखणं उतरतानाच.

टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली.
दाब. धर. वाहिद, इथ्नैन, तलाता, अरबा, खमसा. सोड.
मांडी माझीच, पण आतल्या बाजूचा एक स्नायू
झोपलेला निघाला,
कामावर न येता हजेरी लावणारा.
तिनं त्याच्यावर बोट टेकवलं. हा. याला उठव.
मी दाबलं. बाहेरचा आडदांडच उठला.
पुन्हा. पुन्हा तोच.
चौथ्या खेपेला तिच्या बोटाखाली काहीतरी हललं,
डबक्यात बेडूक हलावा तसं.
ती अरबीत शाबास म्हणाली.
मला शेवटचं शाबास मिळालं होतं
म्हसळ्याच्या उर्दू शाळेत, चौथीत, पाढ्यांसाठी.

निळी पट्टी. बर्फ दहा मिनिटं.
सहा आठवडे गुडघ्यावर बसायचं नाही.
नमाजसुद्धा खुर्चीवर.
मशिदीत खुर्च्यांची रांग म्हाताऱ्यांची.
मी गेलो तेव्हा एका पठाण आजोबांनी सरकून जागा दिली,
जणू मीच उशिरा आलो होतो.

वर्गीस फोरमननं चिठ्ठी दोनदा उलटसुलट केली
आणि मला कटरवर उभं केलं. रोजचा एक दिनार कमी.
झुलेखाला हे सांगितलं नाही.
तिला म्हटलं, वाटी सरकलीये, जागेवर आणतायत.
ती म्हणाली, अख्खा संसार वाटीनं मोजला मी,
तांदूळ, साखर, शेजारणीची उधारी,
आता ही तुमची वाटी पण मीच मोजू?
आणि हसली. मग फोन बराच वेळ नुसताच चालू राहिला.

तिसऱ्या आठवड्यात पायरी उतरायचा सराव.
हळू. गुडघा आत पडू देऊ नको.
टाच टेकली तशी खालची फरशी बद्द वाजली.
पोकळ, मी म्हटलं. खाली मसाला नाही.
मासूमाला कळेना. मी काठीच्या टोकानं वाजवून दाखवलं:
ही भरलेली. ही भरलेली. ही बघा.
ती खाली बसली, दोन्ही गुडघे टेकून, कान फरशीजवळ नेऊन.
काही म्हणजे काही वाजलं नाही तिच्या गुडघ्यांत.
मी ते ऐकत राहिलो.

रात्री खोलीत, खालच्या पलंगावर,
मी पाय सरळ उचलून धरतो.
वरच्या पलंगावरून दिलबहादूर नेपाळीत मोजतो,
दाराकडून यादगिरी तेलुगूत,
छपऱ्याचा पोरगा मोबाइलमधून मान न काढता भोजपुरीत.
कुणाचं कुणाशी जुळत नाही.
एकाचे पाच होतात तेव्हा दुसरा तिनावर असतो.
मी सगळ्यांचं संपेपर्यंत
पाय वरच ठेवतो.