सहावी तार

जरीमरीच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये
आमची तीन नंबरची भट्टी.
विमानाच्या पंखात बसणारी ब्रॅकेटं तिच्यात तापतात,
तळहाताएवढी, अॅल्युमिनियमची,
पाचशे तीस अंशांवर.
पाच अंश इकडे किंवा तिकडे,
बस, एवढीच मोकळीक.

त्या वर्षी सात ऑडिटं झाली.
बंगळुरूचे आले, हैदराबादचे आले,
फ्रान्सहून एक बाई आल्या, त्यांना वेलचीचा चहा आवडला,
मग पुन्हा बंगळुरूचेच, पण दुसऱ्या गिऱ्हाइकाचे.
प्रत्येकाची चेकलिस्ट वेगळ्या रंगाची
आणि आतले प्रश्न सख्खे भाऊ.
नऊ थर्मोकपल कुठे लावता?
आलेख दाखवा. ही सही कुणाची?
सही माझी. मेधाविनी तांडेल, गुणवत्ता विभाग.
विभाग म्हणजे मी, एक कपाट
आणि अर्धा दिवस येणारा रॉड्रिग.

दर वेळी भट्टी थंड करायची, पुसायची,
आणि दाखवायचा कार्यक्रम.
पोह्यांऐवजी समोसे.
नाचरे इस्त्रीचा शर्ट घालून पॅनेलपाशी उभे,
मुलीच्या बापासारखे,
विचारलं तरच बोलणार.
सातही जणांनी पसंती कळवली.
माल मात्र एकवीस दिवस मागे पडला,
त्याबद्दल सातही जणांची कडक पत्रं आली.

मग गिऱ्हाइकांचं आपसात ठरलं:
तपासणी एकच, दाखला एकच,
सगळ्यांनी तोच मानायचा.
मी पेढे वाटले.
खरंच. घाटकोपरहून आणले.

तो एक जण आला. कुरियन.
साठीचा, गुडघ्याला पट्टा, जेवण स्वतःच्या डब्यातलं.
पहिल्या दिवशी फाईल उघडलीच नाही.
दुसऱ्या दिवशी नाचऱ्यांना म्हणाला,
सहा नंबरची तार हातात धरा
आणि तिच्याबरोबर चालत पॅनेलपर्यंत या.
नाचरे निघाले, बोटांतून तार सोडत,
शिडी चढले, पाइपामागे वाकले,
आणि सातच्या खाचेत पोहोचले.

चार वर्षं.
भट्टीचा थंड कोपरा आम्ही कागदावर
भलत्याच भिंतीला लिहीत आलो होतो.
आकडे हद्दीत होते, दोन्हीकडचे.
नशीब, असं रॉड्रिग म्हणाला.
मी म्हटलं नाही.
पहाटेपर्यंत चार वर्षांच्या बॅचेस काढत बसले,
मग सात पत्रं लिहिली,
सातही माझ्याच सहीची.

सात जणांनी बघितलं होतं.
प्रत्येकाला वाटलं असणार, आधीच्यानं बघितलंय.
आणि मी?
मला तारखा पाठ होत्या,
तार नव्हती.

आता वर्षभर कुणी येत नाही.
पाहुण्यांचे कप कपाटात उलटे.
एखाद्या दुपारी मीच शिडी लावते,
सहावी तार चिमटीत धरून हलकेच ओढून बघते,
पोराचा हलणारा दात बघावा तशी.
खालून नाचरे काहीतरी सांगू लागतात
तेवढ्यात डोक्यावरून विमान उतरतं,
पत्रे थरथरतात,
नाचरे वाक्याच्या मध्यात थांबतात.
इथे सगळेच थांबतात.
आवाज सरला की, जिथे सोडलं होतं तिथून:
"...आणि सातवीपण बघा, बाई."