गुणगुण

तापकीर गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला दिवा नाही,
तिथं मी देवांचे आवाज दुरुस्त करतो.
सोळा वर्षं झाली.
आत्ता टेबलावर तीन अॅम्प्लिफायर उघडे पडलेत:
नारायण पेठेतलं देऊळ, मोमीनपुऱ्यातली मशीद,
क्वार्टर गेटकडचं चर्च.
वास वेगवेगळे. कापूर, लोबान, मेण.
आत झुरळं सारखीच.

विश्वस्त विद्वांस म्हणतात,
"आमचा जरा बाजूला ठेवा हो, सोवळ्यातला आहे."
मी दोन वीत सरकवतो. गिऱ्हाईक आहे.
मुश्ताकभाई म्हणतात, "खोक्यावर मशिदीचं नाव नका लिहू,
टेम्पोवाला नेत नाही मग."
आणि चर्चचे सिलास मास्तर, टोपी हातात धरून:
"माझे आजोबा शेवटच्या बाकावर बसायचे.
पुढची बाकं बाप्तिस्मा घेतलेल्या बामणांची.
प्रवचन पोचायचं नाही त्यांच्यापर्यंत.
आता कुणी कुठंही बसतं,
आम्ही मात्र सवयीनं मागंच.
मागं एक स्पीकर वाढवता येईल?"

सुगत कामाला आला तेव्हा मी विचारलं, "पुढं काय?"
"पुढं आयटीआय," म्हणाला.
मी हसलो. मला आडनाव हवं होतं.
ते त्यानं नंतर सांगितलं,
मी विसरल्यासारखं केलं.
विसरणं म्हणजेच मोठं मन, असं मला वाटायचं.

हात काय हलका त्याचा!
सोल्डरचा थेंब सोडतो
पळीतून तीर्थ द्यावं तसा, न सांडता.

रामनवमीच्या आदल्या रात्री देवळात मिक्सर बसवायचा होता,
गाभाऱ्याला लागून असलेल्या कोनाड्यात.
विद्वांसांनी विचारलं, "हा पोरगा कुणाचा?"
कोण, असं नाही. कुणाचा.
मी म्हणालो, "भाचा माझा."
काम झालं. दोघांना पेल्यांतून पन्हं मिळालं.

परतताना लकडी पुलावर त्यानं स्कूटर थांबवायला लावली.
"काका, भाचा कशाला म्हणालात?
नाव होतं की मला."
खाली जलपर्णी, नदी कुठं दिसत नव्हती.
मी म्हणालो, "अरे, तुझ्याच भल्यासाठी."
"मग तुम्हीपण सरकवलंतच," तो म्हणाला,
"दोन वीत."

गुणगुण का येते, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावतो मी.
अर्थिंग नीट नसलं की
आवाजाच्या खालून दुसरा एक आवाज वाहत राहतो.
आरती चालू असते तोवर कळत नाही.
सगळे गप्प झाले की ऐकू येतो.
स्वतःला कधी समजावलं नव्हतं.

काल विद्वांस त्यांचं खोकं न्यायला आले.
बिल सुगतनं केलं. खाली सही, पूर्ण नाव,
आडनावाखाली रेघ.
त्यांनी चष्मा वर करून वाचलं,
घडी घातली, खिशात ठेवली.
"किती?"
"साडेचारशे."
नोटा त्यांनी टेबलावर ठेवल्या,
पुढं केलेल्या हाताच्या शेजारी.

ते सगळ्यांनाच अशा टेबलावर ठेवतात का?
रात्रीपासून आठवून पाहतोय.
सोळा वर्षं पैसे मीच घेत आलो,
कधी पाहिलंच नाही.